लामूसाची म्हातारी

लामूसा निकिएमाची मोटारसायकल चालू आहे का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "तत्त्वतः चालू आहे." तत्त्वतः म्हणजे काय, ते त्याच्या अंगणात गेल्यावर कळे. कडुनिंबाखाली गवताच्या मांडवात ती उभी असे आणि तिचा बराचसा भाग समोर पोत्यावर मांडलेला असे. नट एका डब्यात, वायसर दुसऱ्या डब्यात, चेन रॉकेलात भिजत घातलेली, आणि काही ना काही बायकोच्या टोपात. वागाडुगू शहरातल्या दापोया मोहल्ल्यात घरटी एक तरी दुचाकी आहे आणि त्या सगळ्या रोज सकाळी कामावर जातात. लामूसाची तेवढी घरी बसून असायची. मोहल्ल्याने तिचं नाव 'म्हातारी' ठेवलं होतं. लामूसालाही ते नाव मान्य होतं, फक्त तो ते आदराने उच्चारायचा.

नोकरीभर त्याने पाणी खात्यात मीटर वाचले. झाकण उचलायचं, खाली विंचू असेल तर त्याला वाट द्यायची, काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची आणि आकडा वाचायचा. असं आयुष्य काढलेला माणूस घाईचा असूच शकत नाही. निवृत्त झाला तरी अंगठ्याची सवय गेली नाही. नट हातात आला की आधी पुसायचा, मग डोळ्यांजवळ धरून पाहायचा, मग पुन्हा पुसायचा. लामूसा एक चाक खोलून परत बसवेपर्यंत शेजारचं तान्हं पोर रांगायला लागतं, असं लोक म्हणत. लोकांना अतिशयोक्तीची हौस असते, पण यात ती फारशी नव्हती.

गाडी फ्रेंच बनावटीची, राज्य फ्रेंचांचं होतं तेव्हाची. काळी, टाकीवर सोनेरी रेघ. लामूसाची बदली काही काळ तोमाला, सामो लोकांच्या मुलखात झाली होती. तिथल्या मिशनच्या मागच्या पडवीत ती त्याला दिसली. एके काळी फादर तिच्यावरून गावोगाव हिंडायचे. आता तिच्या सीटवर गिनी कोंबड्या अंडी घालत होत्या. नव्या फादरांना पडवी मोकळी हवी होती. ते म्हणाले, न्यायची तर कोंबड्यांसकट न्या. लामूसाने कोंबड्या त्यांच्यापाशी ठेवल्या आणि गाडी कांद्याच्या ट्रकवर चढवून घरी आणली. ट्रक दारात थांबला तेव्हा तालातोला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं की नवऱ्याने वर्षाचे कांदे भरले. तो दिवस ती अजून विसरलेली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्या बायकांच्या सवती निदान बाजरी तरी कांडतात. ही सवत तेल पिते, अंगणातली सगळ्यात गार सावली बळकावून बसते, आणि नवरा तिला रोज अंघोळ घालतो. त्यांची पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं आली, आणि म्हातारी मात्र अजून सजायचीच होती. "हिच्या वरातीला मी जिवंत असले तर हिला मीच ओवाळीन," असं तालातो म्हणायची आणि टोप घासायला घ्यायची.

रोज सकाळी, तालातोचं अंगण झाडून झालं की, बार्नाबे झेर्बो यायचा. मागच्या गल्लीत राहणारा, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेला जुळारी. जन्मभर उलटी अक्षरं जुळवली म्हणून याला जगातली प्रत्येक गोष्ट उलटीच दिसते, असं लामूसा सांगायचा. बार्नाबे मूळचा तोमाचा, सामो. त्याचा उजवा गुडघा निकामी होता आणि जीभ मात्र शाबूत होती. लामूसाच्या अंगणात त्याची स्वतःची खुर्ची होती, लोखंडी, निळ्या दोऱ्यांची. ती त्याने तिथेच ठेवली होती, कारण रोज नेआण करायला गुलाम एकच होता आणि तो गाडीत गुंतलेला असायचा.

लामूसा मोसी, आणि मोसी नि सामो या दोन जमातींचं नातं थट्टेचं. ते कुणी जोडत नाही, जन्माबरोबर पदरात पडतं. मोसीने सामोला गुलाम म्हणायचं, सामोने मोसीला गुलाम म्हणायचं. मालक नक्की कोण, याचा निकाल आजवर लागलेला नाही, आणि तो लागावा अशी कुणाची इच्छाही नाही. एकाने दुसऱ्याची वस्तू हक्काने उचलून न्यायची, त्याच्या घरच्या मयताला जाऊन रडणाऱ्यांना हसवायचं, पोराच्या लग्नात उभं राहून नवऱ्या मुलीला सांगायचं की अजून वेळ गेलेली नाही, पळ. आणि काहीही झालं तरी रागवायचं नाही. थट्टेच्या नात्यात जो रागावला त्याने आपल्या हाताने आपलं घर पाडलं, असं समजतात.

त्यामुळे लामूसा आणि बार्नाबे यांनी एकमेकांची नावं कित्येक वर्षांत उच्चारली नव्हती. एक होता गुलाम आणि दुसरा कुत्रेखाऊ, कारण सामोंना कुत्र्याच्या मुंडीचं फार वेड, असं मोसी म्हणतात. बार्नाबे खुर्चीत टेकला की सकाळची प्रार्थना सुरू व्हायची.

"काय रे गुलामा, उठली का म्हातारी?"

"उठली. तुझा वास आला आणि परत झोपली."

"ती आमच्या तोमाची. सामोच्या घरची लेक तू चोरून आणलीस. तिला मोसीचा हात लागतो म्हणून ती रुसते, दुसरं काही नाही."

मग लामूसा काम करायचा आणि बार्नाबे देखरेख. पान्हा मागितला तर तो कधीच देत नसे, पण लामूसा पान्हा शोधत फिरायला लागला की तो त्याच्या खुर्चीखाली सापडायचा. गाडी जुळून उभी राहायची असे दिवसही वर्षातून काही यायचे. त्या दिवशी लामूसा शर्ट बदलायचा, टाकीत पेट्रोल ओतायचा आणि किक मारायला सज्ज व्हायचा. बार्नाबे खुर्चीतून पुढे वाकायचा आणि इंजिनच्या बाजूला जिथून कार्ब्युरेटर हवा ओढतो, त्या भोकावर तळहात दाबून धरायचा.

"हात काढ. काय करतोस?"

"तोंड दाबतो हिचं. सकाळी सकाळी फार शिव्या देते."

लामूसा वैतागून किक मारायचा, म्हातारी खोकायची, धूर ओकायची आणि एकदाची धडधडू लागायची. तो तिच्यावर बसून गल्लीच्या तोंडापर्यंत, टिपोकोच्या डोलोच्या, म्हणजे ज्वारीच्या बिअरच्या, अड्ड्यापर्यंत जायचा आणि बहुतेक वेळा तिला ढकलत परत यायचा. ढकलतानाही त्याची मान ताठ असायची. या गाडीला थंडीत चोकसुद्धा लागत नाही, असं तो अड्ड्यावर सगळ्यांना सांगायचा. जुन्या कार्ब्युरेटरला चोकची पट्टी असायची तिथे नुसतं भोक उरलं होतं, पट्टी तोमाच्या कोंबड्यांनीच कुठे घालवली असेल. आजकालच्या गाड्यांना नाना लाड हवेत, आमची दणकट आहे, असं तो म्हणायचा. बार्नाबे तेवढ्यापुरता डोलोच्या तुंब्यात तोंड खुपसायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर तो कार्ब्युरेटर चिरला. जुन्या हलक्या धातूचा होता, वयाने चिरला, त्यात कुणाचा दोष नाही. लामूसाने डिंक लावून पाहिला, साबण लावून पाहिला, पत्र्याची पट्टी आवळून पाहिली. पेट्रोल ठिबकायचं ते ठिबकतच राहिलं. तसा दुसरा कार्ब्युरेटर बाजारात मिळणं शक्य नव्हतं. फिटर लोक तो हातात घेऊन एकमेकांना दाखवायचे आणि हसायचे. शेवटी लामूसा मोहल्ल्यातल्या इदरिस्सा देर्मेकडे गेला. इदरिस्सा पिढीजात ओतारी. त्याच्या घरात मेणाचे पुतळे करून, त्यांवर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी पितळ ओतायचं, हेच चालत आलेलं. घोडेस्वार, मुखवटे, कळशी घेतलेल्या बायका असं सगळं त्याने ओतलं होतं. कार्ब्युरेटर कधी ओतला नव्हता. तो म्हणाला, "मेणाचा तू करून आण. मी जे असेल ते ओततो. देव असो नाहीतर भांडं."

लामूसा मेण घेऊन बसला. दिवसचे दिवस तो कडुनिंबाखाली बसून चिरलेल्या कार्ब्युरेटरकडे पाही, अंगठा फिरवी आणि मेण कोरी. तालातो टो, म्हणजे बाजरीच्या पिठाची घट्ट उकड, आणि भेंडीचा रस्सा समोर ठेवायची, तो गार व्हायचा. दुपारच्या उन्हात मेण मऊ पडायचं, म्हणून तो ते घरात मातीच्या घड्याशेजारी ठेवायचा आणि पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हात लावू नका म्हणून सांगायचा. बार्नाबेने विचारलं, हा देव कुठला. लामूसा म्हणाला, सामोंना अक्कल देणारा, म्हणून इतका वेळ लागतोय.

पहिला ओतीव फसला, त्यात हवेचे बुडबुडे राहिले. दुसरा एका बाजूला बसला. तिसरा माती फोडून बाहेर आला तेव्हा इदरिस्साने तो उलटापालटा करून पाहिला आणि लामूसाच्या हातात दिला. त्यापुढची कानस, छिद्रं आणि पॉलिश लामूसाने घरीच केली. जुन्यातली सुई आणि पेट्रोल सोडणारा बारीक जेट नव्यात बसवले. जुन्यावर जे नव्हतं ते नव्यावरही नव्हतं, त्यामुळे चोकची पट्टी इथेही नव्हतीच. पण काय झळकत होता तो. येत्या रविवारी चर्च सुटलं की सगळ्यांसमोर म्हातारी सुरू करायची, असं लामूसाने जाहीर केलं. इतकी वर्षं लोक त्याला हसले होते, त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण हा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने घडवला होता, आणि या एका गोष्टीवर कुणी हसू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

शनिवारी त्याने कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून पोत्यावर ठेवला आणि हात धुवायला गेला. परत येतो तो फडकं होतं, कार्ब्युरेटर नव्हता, आणि खुर्ची रिकामी होती.

यात विशेष काही नव्हतं. बार्नाबेने यापूर्वी त्याच्या चपला नेल्या होत्या, एकदा जेवणाचं ताटही नेलं होतं. लामूसाने त्याची टोपी पळवून बकऱ्याला घातली होती. रीत अशी, की ज्याची वस्तू गेली त्याने शिव्या देत मागे जायचं, एक तुंबा डोलो पाजून ती सोडवायची आणि सगळ्यांनी हसायचं. लामूसा अड्ड्यावर गेला तेव्हा टिपोकोचं बाक भरलेलं होतं. मधोमध बार्नाबे उभा होता. आपल्या गुलामाने केलेला हा देव, याच्या बदल्यात किती तुंबे देतेस, असं तो टिपोकोला विचारत होता. टिपोको हसून हसून पदराने डोळे पुसत होती. आणि बार्नाबेने कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत डोलो ओतला, वाटी उंच धरली आणि सगळ्यांदेखत एक घोट घेतला.

लामूसाला काय झालं कुणास ठाऊक. त्याला त्या बारीक जेटमध्ये चिकट डोलो गेलेला दिसला, मेणावर फिरवलेला आपला अंगठा दिसला, हसणारे लोक दिसले.

"बार्नाबे, पुरे," तो म्हणाला. "लाज नाही तुला? माझ्या अंगणात परत पाऊल टाकू नकोस."

आवाज मोठा नव्हता. पण त्यात शिवी नव्हती, गुलाम नव्हता, कुत्रा नव्हता. नुसतं नाव होतं. टिपोकोच्या हातातली पळी चुलीवर तशीच राहिली. बार्नाबेने कार्ब्युरेटर उपडा करून डोलो सांडला, शर्टाच्या टोकाने तो आतून बाहेरून पुसला आणि दोन्ही हातांनी लामूसासमोर धरला.

"चुकलं माझं, निकिएमासाहेब," तो म्हणाला, आणि लंगडत निघून गेला.

त्याच संध्याकाळी लामूसाच्या फाटकावर टकटक झाली. बार्नाबे बाहेर उभा होता. त्या फाटकावर त्याने आयुष्यात कधी टकटक केली नव्हती. "आत येऊ का?" त्याने विचारलं. "खुर्ची न्यायची होती." तालातोने पाणी दिलं, ते त्याने उभ्याने प्यायलं, आभार मानले, सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली, नातवंडांची केली, आणि खुर्ची खांद्याला लावून गेला. कडुनिंबाखाली तिच्या चार पायांचे खळगे तेवढे राहिले.

रविवारी लोक चर्चमधून थेट आले. इदरिस्साने आपली नमाज घरी आटोपली आणि तो स्वच्छ झगा घालून आला, कारण त्याचं ओतकाम पणाला लागलं होतं. उत्तरेकडून धुळीची थंड हवा सुटली होती आणि सगळे उपरणी लपेटून उभे होते. लामूसाने कार्ब्युरेटर रात्रीच पेट्रोलने धुऊन बसवला होता. त्याने किक मारली. मग पुन्हा मारली. प्लग काढून पुसला, ठिणगी पाहिली, ठिणगी होती. पेट्रोल येत होतं. पॉइंट साफ होते. तो पुन्हा किकेवर चढला आणि घामाघूम होईपर्यंत मारत राहिला. म्हातारीने साधं खोकूनसुद्धा दाखवलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं एरवी कुणी तरी म्हटलं असतं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही, आणि लामूसाला तेच जास्त लागलं. लोकांचा निकाल झालेला होता. मोसी सामोवर रागावला, मग त्याची गाडी सुरू होईल कशी? इदरिस्साला हा निकाल फार आवडला, कारण त्यात ओतकामाचा दोष नव्हता. लोक हळूहळू पांगले आणि जाताना तालातोला मयताच्या घरी बोलतात तसे हळू आवाजात बोलून गेले.

लामूसा असल्या गोष्टी मानणारा नव्हता. त्याने आठवडाभर गाडी खोलली आणि जोडली. पण खरं सांगायचं तर त्याचं लक्ष गाडीत नव्हतं. पान्हा हरवला की तो सवयीने खुर्ची होती तिकडे वळायचा. रस्त्यात बार्नाबे भेटायचा तेव्हा टोपी काढून म्हणायचा, "नमस्कार निकिएमासाहेब, बरे आहात ना? घरची मंडळी?" एकदा लामूसाने धीर करून म्हटलं, "बरा आहे रे कुत्रेखाऊ." बार्नाबेने मान डोलावली आणि म्हणाला, "आपण म्हणता तसं." त्यापेक्षा त्याने दगड मारला असता तरी चाललं असतं.

मग लामूसा एक चांगली गुबगुबीत गिनी कोंबडी घेऊन त्याच्या घरी गेला आणि माफी मागितली. बार्नाबेने ती घेतली, त्याला बसायला आपली निळी खुर्ची दिली, शेंगदाणे पुढे केले आणि इतक्या आदराने वागवलं की लामूसाला शेंगदाणे गिळवेनात. परत आला तेव्हा तालातो बाजरी पाखडत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"कोंबडी घेऊन कोण जातं?" ती म्हणाली. "परके जातात. तुम्ही परक्यासारखे गेलात, त्याने परक्यासारखी घेतली. त्याचं काय चुकलं?"

"मग काय करू?"

"त्याने वस्तू उचलली तो त्याचा हक्क होता. तुम्ही म्हणालात, नाही. तो हक्क परत करा. कोंबडीने नाही होणार ते."

लामूसा बराच वेळ मांडवाकडे बघत बसला. बायको काय मागतेय ते त्याला कळलं होतं, आणि ज्या बाईने वीस वेळा ही गाडी भंगारात घालायला सांगितली तिच्या तोंडून ते ऐकताना त्याला गंमत वाटली नाही. त्याने मनाशी दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. गाडी जन्मभर बंद राहिली तरी तो जगला असता. पण एक माणूस आपल्याला मरेपर्यंत साहेब म्हणणार, ही गोष्ट त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने म्हातारीला अंघोळ घातली, टाकीवरची सोनेरी रेघ अंगठ्याने पुसली आणि तिला ढकलत मागच्या गल्लीत नेलं. लोक दारात येऊन पाहत होते. त्याने ती बार्नाबेच्या अंगणात, त्याच्या दारासमोर उभी केली.

"गुलामाचं स्वतःचं असं काही नसतं," लामूसा म्हणाला. "जे असतं ते मालकाचं. ही तुझी."

बार्नाबे दारात उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, लामूसाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "आभारी आहे, निकिएमासाहेब. जरा सावलीत लावाल का?"

लामूसाने ती सावलीत लावली आणि रिकाम्या हातांनी घरी आला. येताना त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. गाडी गेली ती गेली, आणि माणूसही आला नाही. तालातोने टोप घासून उन्हात पालथे घातले. आता त्यांत रॉकेलाचा वास येणार नव्हता. मांडव रिकामा झाला तसं अंगण उगाच मोठं वाटायला लागलं. एरवी दोघांमध्ये भांडायला सवत होती, आता तीही नव्हती.

असेच काही दिवस गेले. एका गार सकाळी लामूसा टो खात बसला होता आणि मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. किकेचा आवाज. अर्धवट, दाबून सोडून दिल्यासारखा. मग एक कण्हणं. मग पुन्हा किक. लामूसाचा घास हातातच राहिला. ती किक पुरी खाली जात नव्हती, त्याला इथे बसून कळत होतं. निकामी उजव्या गुडघ्याचा माणूस ती किक कधीच पुरी मारू शकणार नाही. तो उठून भिंतीपाशी गेला, पण काही बोलायचं धाडस होईना. पुन्हा किक, पुन्हा कण्हणं, आणि मग शांतता पसरली. त्याला वाटलं, संपलं.

"अरे ए गुलामा!"

लामूसाने भिंतीला हात टेकला.

"मालक इथे गुडघा फोडून घेतोय आणि तू घरात टो गिळत बसलास होय रे? गाडी आणून दिलीस, आता लाथ कोण मारणार, तुझा आजा?"

लामूसा पळाला. एका पायात चप्पल होती, दुसरी अंगणातच राहिली, आणि तालातो ती हातात घेऊन फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली, हसत की रडत ते तिचं तिलाच माहीत. बार्नाबेच्या अंगणात तो पोचला तेव्हा धापा टाकत होता. त्याला सणसणीत शिवी द्यायची होती. कितीतरी दिवसांच्या साठलेल्या होत्या. पण कसंबसं "कुत्रेखाऊ" एवढंच बाहेर पडलं.

"ते नंतर," बार्नाबे म्हणाला. तो गाडीशेजारी निळ्या खुर्चीत वाकून बसला होता आणि त्याचा तळहात पितळी कार्ब्युरेटरच्या तोंडावर घट्ट दाबलेला होता. "लाथ मार."

"हात काढ आधी. श्वास कोंडेल तिचा."

"तू लाथ मार रे."

लामूसाने किक मारली. दुसऱ्या किकेला म्हातारी खोकली, तिसऱ्याला तिने अंगणभर निळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. बार्नाबे एकेक बोट उचलत हळूहळू तळहात बाजूला करत होता आणि तसतसा तिचा आवाज मोकळा होत होता. लामूसाने त्या हाताकडे पाहिलं. मग त्या भोकाकडे पाहिलं, जिथे थंड इंजिनाची हवा अडवणारी चोकची पट्टी कधीच नव्हती. मीटर वाचण्यात जन्म घालवलेल्या माणसाला समोरचा आकडा आत्ता दिसला.

"म्हणजे इतकी वर्षं..."

"फादरचा स्वयंपाकी असाच धरायचा. मी लहान होतो, आम्ही सगळी पोरं बघायला जमायचो. थंडीत तोंड दाबल्याशिवाय ही कधी उठली नाही. आणि तू अख्ख्या दापोयाला सांगत हिंडतोस, हिला चोक लागत नाही म्हणून."

"सांगायचं नाहीस?"

"मोसीला खरं सांगायचं नसतं. त्याला ते पचत नाही."

गाडीच्या आवाजाने गल्ली गोळा होऊ लागली होती. इदरिस्सा धावत आला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला पितळ दाखवत होता. बार्नाबे खुर्चीतून उठला, तेलकट तळहात लामूसाच्या शर्टावर दोन्ही बाजूंनी नीट पुसला, आणि हात तिथेच, त्याच्या छातीवर राहू दिला.

"हे बघ," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मला कुत्रेखाऊ म्हण. माझ्या मयताला येऊन नाच, माझी शवपेटी अडवून बस. पण परत कधी मला बार्नाबे म्हणालास ना..."

त्याने लामूसाचा शर्ट मुठीत धरला.

"नाही म्हणणार," लामूसा म्हणाला.

मग दोघेही गाडीकडे बघत उभे राहिले, कारण एकमेकांकडे बघणं जमण्यासारखं नव्हतं. शेवटी बार्नाबेनेच नाक पुसलं, लंगडा पाय उचलून टाकला आणि मागच्या सीटवर बसला. "चल गुलामा," तो म्हणाला, "मालकाला टिपोकोकडे घेऊन चल. आणि सावकाश, गाडी माझी आहे."